अमेरिकेतल्या ताई ड्युटी भरत नाहीत, आता काय?

या वेळी पत्रांचा सगळा गठ्ठा एकाच विषयाचा निघाला: घरून, मोबाइलवरून विकणाऱ्यांचं परदेशात जाणारं पार्सल. मी स्वतः नागपुरातून हातमागाचं कापड बाहेर पाठवते, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे दिली. पहिल्या पत्राला लांब उत्तर दिलंय, कारण त्यातली अडचण थोड्याफार फरकाने सगळ्यांचीच आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी महालात राहते, इन्स्टाग्रामवर टसरचे दुपट्टे विकते. न्यू जर्सीच्या एका मराठी ताईंनी दोन दुपट्टे घेतले आणि भाड्यासकट पूर्ण पैसे आधीच पाठवले. मी खासगी कुरियरने माल पाठवला. तिथे पोचल्यावर त्यांच्याकडे ड्युटी, म्हणजे तिथला आयात कर, आणि वर कुरियरचं शुल्क मागितलं. त्या म्हणतात, 'मी तुम्हाला सगळे पैसे दिलेत, आता एक डॉलरही देणार नाही.' कुरियरवाले म्हणतात, परत आणायचं तर परतीचं भाडं तुम्हीच भरा. माझी मैत्रीण चार वर्षांपासून अमेरिकेत माल पाठवते, तिला कधी ड्युटी लागली नाही. मग मलाच का? (एक वाचक, महाल)

उत्तर: ताई, आधी अडकलेल्या पार्सलचं बघू. कुरियरच्या ऑफिसला फोन करून एवढंच विचारा: ड्युटीचा आकडा नेमका किती, आणि ती पाठवणाऱ्याच्या खात्यावर टाकता येते का? बहुतेक कुरियर ते करतात, फक्त लेखी मागणी करावी लागते. मग त्या आकड्याच्या शेजारी परतीचं भाडं लिहा. परतीचं भाडं जवळजवळ नेहमीच जास्त निघतं. शिवाय माल भारतात परत आला की तो तुमचाच, तुम्हीच पाठवलेला, हे इथल्या कस्टमला कागद दाखवून पटवावं लागतं. नाहीतर स्वतःच्याच दुपट्ट्यावर आयात शुल्क भरायची वेळ येते. तेव्हा ड्युटी तुम्ही भरा आणि माल त्या ताईंच्या हातात पडू द्या. त्यांना साधा मेसेज करा: 'हा खर्च मी आधी सांगितला नव्हता, म्हणून या वेळी मी भरते.' त्यांचा राग बरोबर आहे. दारात येऊन कुणी जास्तीचे पैसे मागितले तर आपणही चिडतोच.

आता मैत्रिणीचं. ती खोटं सांगत नाही. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचा माल अमेरिकेत ड्युटीशिवाय जायचा. आपल्यासारख्या लहान विक्रेत्यांचा सगळा धंदा त्या सवलतीवर उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. आता दोन हजारांच्या दुपट्ट्यावरही ड्युटी आहे. दर किती, ते मी इथे छापत नाही, कारण भारतीय मालावरचे दर त्यानंतर वरखाली होत राहिलेत आणि हा अंक तुमच्या हातात येईपर्यंत पुन्हा बदललेले असू शकतात. ज्या दिवशी माल बुक कराल त्या दिवशीचा दर विचारायचा. जुन्या व्हिडिओंवर आणि जुन्या अनुभवावर अमेरिकेचा भाव काढू नका, मग सांगणारी मैत्रीण कितीही जवळची असो.

पुढचं पार्सल पोस्टाने पाठवा, असं मी नक्की सांगेन. भारतीय पोस्टानेही या बदलामुळे २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं होतं. १५ ऑक्टोबरपासून ते पुन्हा सुरू झालं, आणि तेव्हापासून ड्युटी इथेच, बुकिंगच्या वेळी भरून घेतात. म्हणजे तिकडच्या ताईंच्या दारात कुणी पैसे मागायला येत नाही. तुम्हालाही माल निघायच्या आधीच पूर्ण खर्च कळतो. नव्या विक्रेत्याला याहून मोठा दिलासा नाही.

बुकिंगसाठी दर वेळी खिडकीपाशी उभं राहून फॉर्म भरायची गरज नाही. पोस्टाची 'डाकघर निर्यात केंद्र' ही सोय डिसेंबर २०२२ पासून आहे. त्याच्या पोर्टलवर एकदा नोंदणी केली की घरी बसून मालाची माहिती भरता येते, निर्यातीचं बिल तिथेच तयार होतं, लेबल छापून पाकिटावर चिकटवायचं आणि निर्यात केंद्र असलेल्या पोस्टात नेऊन द्यायचं. कस्टमसाठी वेगळा एजंट लागत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, जाऊन एकदा सगळं नीट समजून घ्या. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते.

आता तुमच्या पार्सलवर काय लिहिलं होतं ते बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मालाचं वर्णन 'लेडीज क्लॉथ' एवढंच दिसतं. यावरून तिकडच्या अधिकाऱ्याला काय कळणार? तो त्याला योग्य वाटेल त्या गटात टाकतो, आणि तो गट तुमच्या सोयीचा असेलच असं नाही. वर्णन असं हवं: हाताने विणलेला टसर रेशमी दुपट्टा, बायकांसाठी, नग २, भारतात तयार. सोबत एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा आकडा. शाली, स्कार्फ, दुपट्टे ६२१४ मध्ये येतात आणि रेशमाचे ६२१४.१० मध्ये. हे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन आपल्याकडचे. रेशमी साडी मात्र कापड म्हणून ५००७ मध्ये जाते. तेव्हा साडीचा कोड दुपट्ट्याला लावू नका. टसर आहे तर टसरच लिहा, आणि सुती ताण्यावर टसरचा बाणा असेल तर दोन्ही किती टक्के ते लिहा. अमेरिकेत विकायच्या कापडावर धागा कोणता, देश कोणता आणि बनवणारा किंवा विकणारा कोण, हे सांगणारी पट्टी घट्ट लावलेली असावी लागते. इतवारीत अशा पट्ट्या छापून मिळतात, एकदम पाचशे करून घ्या.

भाव सांगताना पुढच्या दोनपैकी एक वाक्य लिहिल्याशिवाय पैसे घेऊ नका. 'या किमतीत तुमच्या देशाची ड्युटी धरलेली आहे, दारात काही द्यावं लागणार नाही.' किंवा 'या किमतीत ड्युटी धरलेली नाही, ती तुम्हाला तिथे भरावी लागेल.' अमेरिकेसाठी मी पहिलंच लिहिते. किंमत मोठी दिसते, काही लोक सोडून जातात. जे राहतात ते पुन्हा घेतात.

कागदांचं थोडक्यात. निर्यातीचा परवाना क्रमांक म्हणजे आयईसी. तो डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या, वेबसाइटवर ५०० रुपयांत निघतो, पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अडलात तर त्यांचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती कायम आहे असं ऑनलाइन सांगावं लागतं, नाहीतर क्रमांक बंद पडतो. हे फार लोक विसरतात आणि ऐन दिवाळीत अडकतात. जीएसटीत नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा, म्हणजे निर्यातीच्या बिलावर कर आधी भरून नंतर परत मागत बसावं लागत नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला त्या त्या बिलाला जोडून ठेवा.

प्रश्न: मी हुडकेश्वरला राहतो, घरूनच ऑक्सिडाइज्ड दागिने विकून राहिलो. लंडनचं एक गिऱ्हाईक म्हणते, 'भाऊ, पाकिटावर गिफ्ट लिहा आणि किंमत दहा पौंड टाका, सगळेच तसं करतात.' ऑर्डर ६० पौंडांची आहे. करू का? आणि जर्मनीतून पण विचारणा आहे.

उत्तर: नाही भाऊ, करू नका. तुमच्या खात्यात ६० पौंड येणार, बिल ६० पौंडांचं, आणि कस्टमच्या कागदावर दहा. हे तिन्ही कागद तुमच्याच पॅनला आणि आयईसीला जोडलेले आहेत. उद्या कुणी जुळवून पाहिले तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, त्या गिऱ्हाइकाला नाही. पार्सल हरवलं तर भरपाईही फार तर दहा पौंडांची. विकलेला माल हा गिफ्ट नसतोच. इंग्लंडमध्ये खऱ्या भेटवस्तूलासुद्धा ३९ पौंडांपर्यंतच सूट आहे. मला या 'सगळेच करतात'ची चीड येते, कारण अशा पाकिटांमुळे भारतातून जाणाऱ्या प्रामाणिक पाकिटांकडेही संशयाने बघितलं जातं आणि ती उघडून तपासली जातात. गिऱ्हाइकाला गोडीत सांगा की मी खरीच किंमत लिहितो. तेवढ्यावर तो गेला तर जाऊ द्या.

इंग्लंडचा नियम १ जानेवारी २०२१ पासून असा आहे: १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, विक्रीच्या वेळीच घ्यायचा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून विकलं तर तो व्हॅट ती बाजारपेठच कापून भरते. स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून थेट विकलं तर इंग्लंडच्या करखात्यात नोंदणी तुमची तुम्हाला करावी लागते. म्हणून सुरुवातीला लंडनचं गिऱ्हाईक बाजारपेठेच्या दुकानातूनच घ्या. त्यांचं कमिशन जातं, पण तेवढं काम तुमच्या डोक्यावरून उतरतं.

जर्मनीला सध्या थांबा, आणि कारण फक्त कर नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये सामान्य वापराची वस्तू विकायची तर तिथे राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते आणि तिचं नाव-पत्ता वस्तूवर किंवा पाकिटावर द्यावा लागतो. त्याचा वेगळा खर्च आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा माल. बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून मिळणाऱ्या धातूत चांदी नसते. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलमुळे कातडीला खाज आणि पुरळ येते, म्हणून अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल सुटावं यावर युरोपात कडक मर्यादा आहे, इंग्लंडमध्येही आहे. तुमचे कानातले कशाचे आहेत, हे घडवणाऱ्याला आधी विचारा. पितळेवर काम करून घेता आलं तर बघा. आणि लंडनच्या ऑर्डरीतही जर्मन सिल्व्हरचं काही असेल तर ते पाठवायच्या आधी हाच प्रश्न सोडवा.

प्रश्न: आम्ही गडचिरोलीकडच्या कारागिरांकडून बांबूच्या टोपल्या घेतो. पाच टोपल्यांचा संच वजन करून पाहिला तर पावणेदोन किलोच्या आत. कुरियरने मात्र अकरा किलोचे पैसे मागितले. आम्हाला फसवत आहेत का? (काटोल रोड)

उत्तर: फसवत नाहीत. त्यांनी खोक्याचा आकार मोजला. खासगी कुरियर खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि ५,००० ने भागतात. उत्तर किलोत येतं. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. तुम्ही खोकं ४० बाय ४० बाय ३५ चं कळवलंय. गुणाकार ५६,०००, भागिले ५,००० म्हणजे ११.२ किलो. टोपल्या आतून रिकाम्या आणि तुम्ही भाडं भरताय हवेचं.

एक करा. पाचही टोपल्या उतरत्या मापाच्या करून घ्या, एकात एक बसतील अशा, आणि कडा वर आलेली नको. मग तेच खोकं २२ सेंटिमीटर उंचीत बसेल आणि हिशोब सात किलोवर येईल. तरी महागच. टोपलीचा हट्ट नसेल तर त्याच कारागिरांकडून ताटाखालच्या चटया, सपाट सुपल्या, भिंतीवरचे नक्षीचे तुकडे करून घ्या. ४२ बाय ३२ बाय ६ च्या पाकिटाचा हिशोब १.६ किलोच होतो, म्हणजे खऱ्या वजनाच्या जवळ. पोस्टाच्या लहान पाकिटातही ते बसतं. तिथे लांबी, रुंदी, उंची मिळून ९० सेंटिमीटरच्या आत लागते, आणि याची बेरीज ८० आहे. म्हणजे भाडं वाचवायचं ते कुरियरवाल्याशी घासाघीस करून नाही, कारागिराबरोबर बसून माप ठरवून. अशा बैठकीत कारागिराला आधीच सांगा की माप बदललं तरी मजुरी कमी होणार नाही. चटई विणायला टोपलीपेक्षा सोपी नसते.

बांबू पूर्ण वाळलेला आणि प्रक्रिया केलेला हवा. पाठवायच्या आधी आठ-पंधरा दिवस काळ्या कागदावर ठेवा. खाली पिवळसर भुसा पडला तर आत भुंगा आहे, तो माल पाठवू नका. ऑस्ट्रेलियात तर असं पार्सल नष्टही करू शकतात, आणि खर्चही मागू शकतात. टोपल्यांचा एचएस कोड ४६०२.११.

प्रश्न: माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्या मैत्रिणींना माझी घरची संत्रा बर्फी आणि सावजी मसाला हवाय. त्या पैसे द्यायला तयार आहेत. दर महिन्याला पाठवता येईल का? (धरमपेठ)

उत्तर: काकू, बर्फी नाही. तुमच्या बर्फीत खवा आहे. ज्या देशांत जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो तिथले दुधाचे पदार्थ ऑस्ट्रेलिया आत घेत नाही, आणि आपल्याकडे तो रोग आहे. पेढा, बर्फी, रसगुल्ला, सगळं त्यात आलं. डबा कितीही छान बंद केला तरी उपयोग नाही. 'कोरडा नाश्ता' असं लिहून पाठवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिथे पाकिटं एक्स-रेतून जातात आणि कुत्र्यांकडून हुंगवतात.

मसाल्याचं वेगळं. बारीक दळलेला, दाणा न राहिलेला मसाला तुलनेने सोपा. अख्खे धणे, मेथी, खसखस अशा उगवू शकणाऱ्या बिया अडू शकतात. पण विकायला पाठवणं म्हणजे मुलीला डबा पाठवणं नव्हे. इथे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, परवाना हवा, पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख हवी, आणि तिथल्या आयातीच्या अटी 'बायकॉन' नावाच्या सरकारी यादीत पदार्थागणिक दिलेल्या आहेत. मुलीला त्या यादीत तुमच्या मसाल्याचे घटक एकेक करून बघायला सांगा. तुमच्या हातच्या बर्फीसाठी मन खट्टू होईल, मला कळतं. ती इथेच विका. इथे तिला गिऱ्हाईक कमी नाही.

प्रश्न: इतवारीत मोडीच्या दुकानात जुन्या पितळी समया मिळतात. परदेशात त्यांना भाव आहे. पाठवता येतील का?

उत्तर: वस्तू शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तुम्हा-आम्हाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. समई तीस-चाळीस वर्षांची असली तरी जुनी दिसते म्हणून कस्टम अडवू शकतं. तेव्हा ही पुरावस्तू नाही, असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. आणि 'अँटिक' हा शब्द जाहिरातीतून काढून टाका, त्यानेच अर्धी अडचण होते. समईच हवी तर भंडाऱ्याच्या कारागिरांकडून नवी घ्या, बिलासकट. वरचा मोर पितळी आहे ना? मोरपिसं लावलेली कुठलीही वस्तू बाहेर पाठवायला बंदी आहे.

प्रश्न: कॅनडाला पोस्टाने पाठवलेलं पार्सल तीन आठवड्यांपासून 'मुंबईहून रवाना' एवढंच दाखवतंय. गिऱ्हाईक रोज विचारतंय.

उत्तर: पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक आहे: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. तोच क्रमांक कॅनडा पोस्टच्या वेबसाइटवर टाका. माल तिकडे उतरला की पुढच्या नोंदी आधी तिथे दिसतात, आपल्याकडे उशिरा येतात. तो क्रमांक गिऱ्हाइकालाही द्या, म्हणजे रोजचा प्रश्न थांबेल. तिथेही काही नसेल तर वाट बघत बसू नका, पोस्टात लेखी चौकशी अर्ज द्या. आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आतच घेतात, त्यानंतर अर्ज चालत नाही. सोबत पावती, कस्टमच्या फॉर्मची प्रत आणि बिल जोडा. पावतीची शाई उन्हाळ्यात उडते, आजच फोटो काढून ठेवा.